फुलंब्रीच्या अलीकडे

हसनाबादला पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मला जालन्याच्या एस.टी. स्थानकावर तिघांनी विचारला. एकाने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून राजूरचा गणपती सुचवला. दुसऱ्याने, "त्यापेक्षा असईला जा, इंग्रजांची आणि शिंद्यांची लढाई झाली ते असई," असे सांगून १८०३ हे सालही बिनचूक सांगितले. तिसरा मात्र प्रामाणिक होता. तो म्हणाला, "हसनाबादला? तिथं आमची आत्या असते. बाकी काही नाही."

पुण्यामुंबईच्या माणसाला मराठवाडा म्हटला की वेरूळ, अजिंठा आणि पैठण एवढेच आठवते. जालना म्हटले की बी-बियाणे, लोखंडाचे कारखाने, मोसंबी आणि 'जालना सोने का पालना' ही म्हण. भोकरदन तालुका म्हटला तर फारसे काही आठवत नाही, आणि त्या तालुक्यातले हसनाबाद तर नकाशावर बोट फिरवूनच शोधावे लागते. पाहायला जावे असे तिथे फारसे नाही, हे मीही कबूल करतो. पण मी पाहायला निघालोच नव्हतो. मी ऐकायला निघालो होतो.

त्याचे असे झाले. मराठी संगीत रंगभूमी हा विषय मी कॉलेजात दरवर्षी शिकवतो. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर झाले की गाडी चाली लावणाऱ्यांकडे वळते आणि मग मास्तर कृष्णरावांपाशी मी अंमळ जास्तच रेंगाळतो. हा माझा जुना लोभ आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात हसनाबादकडचा एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसे, फारसे बोलत नसे. पुढे तो शिक्षक झाला, आपल्याच भागातल्या एका शाळेत लागला, आणि गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "सर, तुम्ही ज्यांच्याविषयी शिकवत होतात ना, त्यांची चाल आमच्या वस्तीत रोज म्हणतात. त्यांचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. एकदा या."

अशा आमंत्रणाला नाही कोण म्हणेल?

राजूरपर्यंतचा प्रवास गर्दीत गेला. राजुरेश्वराचे देवस्थान या भागात मोठे जागृत मानतात. अंगारकीला तर इथे माणसाला माणूस दिसत नाही म्हणे. मी गेलो तो दिवस साधा होता, तरी अर्धी एस.टी. तिथे रिकामी झाली. मग फाटा सोडून गाडी हसनाबादच्या वाटेला लागली आणि मला खिडकी मिळाली. भाद्रपद सरत आला होता. सोयाबीन पिवळे पडू लागले होते, मक्याला कणसे धरली होती, कपाशीला कुठे कुठे पहिली बोंडे दिसत होती. सगळीकडे काळी जमीन, मध्येच एखादी टेकडी, बांधावर बाभळी आणि लिंब. या मुलखाला देखणा म्हणता येणार नाही. पण पावसाळ्याच्या अखेरीस दोन महिने तो असा काही हिरवा होतो की कोकणच्या माणसानेही दोन क्षण गप्प बसावे. गिरिजा नदी वाटेत भेटली. ती वरून फुलंब्री तालुक्यातून येते आणि पुढे पूर्णेला मिळते. पाणी गढूळ होते, पण भरून होते.

फुलंब्रीचे नाव वाचताच माझ्या मनात जे आले ते वाचकांच्याही मनात आले असेल. हसनाबादहून आणखी पश्चिमेला गेले की फुलंब्री लागते, आणि ज्या गृहस्थाची चाल ऐकायला मी निघालो होतो त्यांचे पूर्ण नाव कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. जन्म मात्र इथला नव्हे. ते जन्मले आळंदीला, २० जानेवारी १८९८ रोजी. पण आपल्याकडे आडनावातले ते शेवटचे 'कर' माणसाला सोडत नाही. माणूस गाव सोडतो, गाव त्याच्या नावात बसून राहते.

कृष्णराव वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास नाटक कंपनीत आले. नाट्यकला प्रवर्तक मंडळी ही ती कंपनी. सवाई गंधर्व त्या वेळी तिथे गाजत होते. कोवळा, गोड आणि चपळ आवाज. पुढे ते भास्करबुवा बखल्यांचे शिष्य झाले, आणि इथे जरा थांबले पाहिजे. भास्करबुवांनी विद्या मिळवली ती ग्वाल्हेर परंपरेच्या फैज महंमद खाँसाहेबांकडून, आग्र्याच्या नत्थन खाँसाहेबांकडून आणि अल्लादिया खाँसाहेबांकडून. तीन घराणी एका गळ्यात. ती शिदोरी कृष्णरावांकडे आली. भास्करबुवा ८ एप्रिल १९२२ रोजी गेले तेव्हा शिष्याचे वय होते अवघे चोवीस. गंधर्व नाटक मंडळीच्या नव्या नाटकांना आता चाली कोण लावणार, हा प्रश्न होता, आणि तो या चोवीस वर्षांच्या मुलाने अंगावर घेतला. 'आशानिराशा', 'नंदकुमार', 'मेनका', 'कान्होपात्रा', 'सावित्री' अशी नाटके एकामागून एक आली. भास्करबुवांनी पुण्यात स्थापलेला भारत गायन समाज सांभाळणे, घरंदाज मुलामुलींना शिकवणे, बंदिशींची 'रागसंग्रहमाला' सात भागांत सिद्ध करणे, हे त्याच्या जोडीला चालूच होते.

या माणसाला मैफलीत ऐकलेले लोक सांगत की ते मिस्कीलपणे गात. लयीशी लपंडाव खेळावा, श्रोत्याला चकवावे, पुन्हा हात धरून समेवर आणावे. असा गवई सहसा जमावासाठी चाली करीत नाही. त्याला आपला गळा पुरतो. कृष्णरावांचे वेगळेपण मला वाटते ते इथे. स्वतःच्या गळ्याला शक्य असलेले निम्मे सोडून द्यायचे आणि ज्याला गाता येत नाही त्याच्यासाठी चाल बांधायची, ही विद्या त्यांनी फार लवकर ओळखली. प्रभात कंपनीत तर ती कामालाच लागली. १९३५ च्या 'धर्मात्मा'त पैठणच्या एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली आणि संगीत कृष्णरावांचे. 'अमरज्योती', 'गोपालकृष्ण', 'माणूस' झाले. १९४१ साली शांतारामबापूंचा 'शेजारी' आला, एका खेड्यातल्या पाटलाच्या आणि मिर्झाच्या दोस्तीची गोष्ट. त्यातले चांदण्यातले समूहगीत आजही लग्नाच्या वऱ्हाडात कुणी सुरू केले की दहा जण ते पुढे नेतात. त्या दहांत सुरात गाणारे दोन असतात. तरी गाणे पडत नाही. चालच तशी बांधली आहे.

हसनाबादला उतरलो तेव्हा उन्हे कलली होती. गाव बाजारपेठेचे. खताची आणि बियाण्यांची दुकाने, भांड्यांचे दुकान, भज्यांची गाडी, मोबाईलच्या रिचार्जची पाटी, आणि स्टँडवर गप्पा मारणारी, कुठेही न जाणारी माणसे. गावाच्या नावातच हसन आहे. देवळाचा कळस आणि मशिदीचा मिनार रस्त्यावरून एकदम दिसतात, आणि जरा पुढे गेले की पंचशील ध्वज. माझा विद्यार्थी घ्यायला आला होता. पोट जरा सुटले होते, केसांत एकदोन पांढरे, पण बोलणे अजून मागच्या बाकासारखेच. "सर, आधी शाळा. सुटायच्या आत."

शाळा सुटायच्या आत कशासाठी, हे मैदानावर गेल्यावर कळले. मुले रांगांत उभी होती. घंटा झाली आणि 'वंदे मातरम्' सुरू झाले. एक मुलगी पुढे उभी राहून सांगत होती, बाकीची मागून म्हणत होती. चाल अर्थातच ती नेहमीची, आकाशवाणीवर सकाळी लागते ती, देस रागातली. मुलांनी ती मन लावून म्हटली. वरच्या सुरांवर निम्म्या मुलांनी ओठ नुसते हलवले, आणि खाली आल्यावर पुन्हा सगळी सामील झाली. देसशी माझे भांडण नाही. फार गोड राग आहे. पण त्या वरच्या सुरांवर गप्प झालेली मुले पाहिली आणि मला झिंजोटी आठवला.

मास्तर कृष्णरावांनी 'वंदे मातरम्'ला चाल लावली ती झिंजोटीत. बंकिमचंद्रांचे ते गीत रवींद्रनाथांनी १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये गायले होते. विष्णु दिगंबर ते काफीत गात. म्हणजे चालींना तोटा नव्हता, पण त्या गवयाच्या होत्या. कृष्णरावांना हवी होती ती हजारांनी म्हणायची. झिंजोटी हा राग खालच्या आणि मधल्या सप्तकात रमणारा. त्यात गळा ताणावा लागत नाही, पाठ नसलेल्यालाही पुढचा सूर कुठे असेल याचा अंदाज येतो. तिसाच्या दशकात मुंबई नभोवाणीवर गाताना त्यांनी हे गीत सुरू केले आणि अधिकाऱ्यांनी प्रक्षेपण तोडले. कृष्णराव उठले आणि चालते झाले. जिथे 'वंदे मातरम्' गाता येत नाही तिथे मी गाणार नाही, हा त्यांचा बाणा. त्या काळी नभोवाणी सोडणे हे एखाद्या गवयाच्या दृष्टीने लहान नुकसान नव्हते. १९४७ साली ते पुन्हा तिथे गायले, आणि 'वंदे मातरम्'च गायले.

हे मुंबईचे. पण ज्या मैदानावर मी उभा होतो तिथे ती गोष्ट आणखी जड होती. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, ती त्यांनी मानली नाही, आणि शेकडो मुले काढून टाकली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला, नाहीतर कित्येकांचे शिक्षण तिथेच संपले असते. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच एक. तेव्हा इथल्या आजोबांच्या पिढीला हे गीत म्हणजे शाळा सुटल्याची खूण नव्हती, नाव कटण्याची धास्ती होती. मी माझ्या विद्यार्थ्याला हे सांगत होतो. तो म्हणाला, "सर, आमच्या आजोबांचं नाव कटायला ते शाळेत कुठं होते?"

यावर मला उत्तर सुचले नाही, आणि त्यालाही उत्तराची अपेक्षा नसावी. आम्ही चहा घेतला.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणते, हा प्रश्न निघाला तेव्हा कृष्णराव पन्नाशीत होते. 'वंदे मातरम्'विषयी मुसलमान समाजाचे आक्षेप जुने होते. म्हणूनच १९३७ साली काँग्रेसने पहिली दोनच कडवी म्हणायचे ठरवले होते. त्या वादात कृष्णराव पडले नाहीत. त्यांनी धरला तो दुसरा आक्षेप, त्यांच्या हातातला. पंडित नेहरूंचे म्हणणे असे की राष्ट्रगीत बँडवर वाजले पाहिजे, परदेशी वाद्यवृंदाला ते जमले पाहिजे. 'जन गण मन' १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत वाजवले गेले आणि लोकांना आवडले. 'वंदे मातरम्' तसे वाजत नाही. एखादा गवई एवढ्यावर रागावून घरी बसला असता. कृष्णराव मुंबईच्या पोलिस बँडकडे गेले. बँडप्रमुखाला बरोबर घेऊन आपली चाल पाश्चात्त्य वाद्यांसाठी लिहून घेतली, वाजवून घेतली, दिल्लीला नेली, घटना समितीच्या सभासदांना ऐकवली. ख्यालगायक माणूस, आणि शिपायांच्या पावलांचा हिशेब करतो आहे! मला हे चित्र फार आवडते. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी निर्णय जाहीर केला. राष्ट्रगीत 'जन गण मन', आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान. शब्दांना मान मिळाला. झिंजोटीतली चाल मात्र लोकांच्या तोंडी राहिली नाही. शाळांमध्ये पोचली ती देसातली.

संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही वस्तीकडे गेलो. विहार लहानसा, स्वच्छ सारवल्यासारखा पुसलेला, दारात चपलांची रांग. वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर सोयाबीनच्या रानात वाकलेल्या बाया पांढरी पातळे नेसून येऊन बसल्या होत्या. पोरे पुढे, म्हातारी भिंतीला टेकून. मेणबत्त्या लागल्या, उदबत्ती लागली. एका कॉलेजकुमारीने वंदना सांगायला सुरुवात केली.

आणि ती चाल आली. घासून गुळगुळीत झालेली, एखादा सूर वाटेत सांडलेला, पण वळण तेच. मी ते वळण ध्वनिमुद्रणात ऐकले होते आणि क्षणात ओळखले. एका स्वरावर शब्दांनी उभे राहावे, थोडे वर जावे, न अडखळता परत यावे. पालीतली जोडाक्षरे, ऱ्हस्वदीर्घ, काही मोडत नाही. दम पुरतो. एका म्हाताऱ्याचा आवाज इतरांपेक्षा अर्धी मात्रा मागे होता आणि तरीही बाहेरचा वाटत नव्हता. वरच्या सुरांवर गप्प बसलेले कुणी नव्हते, कारण तसे वरचे सूरच नव्हते. शाळेत पाहिलेलीच दोन पोरे इथे पुढच्या रांगेत होती आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गात होती.

ही चाल १९५६ सालची. त्या वर्षी डॉ. आंबेडकर धम्मदीक्षेच्या तयारीत होते. लक्षावधी माणसे एका दिवसात नवा धर्म घेणार, तर ती उद्या सकाळी उठून म्हणणार काय आणि कशी, हा विचार त्यांनी केला होता. त्यांच्या विनंतीवरून मास्तर कृष्णरावांनी बुद्धवंदनेला चाल लावली आणि ती ध्वनिमुद्रित केली. आळंदीच्या वेदघोषात जन्मलेल्या माणसाने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पालीचे उच्चार घोटले. १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ज्यांनी चाल मागितली त्यांना ती फार दिवस ऐकायला मिळाली नाही.

वस्तुतः हे स्वर या तालुक्याला नवे म्हणता येणार नाहीत. भोकरदन हे जुने भोगवर्धन. १९७३ साली तिथे उत्खनन झाले, त्यात सातवाहन काळातले व्यापारी नगर सापडले. हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्तीही मिळाली. तशाच घडणीची मूर्ती दूर इटलीत पाँपेईच्या राखेत निघाली होती. आणि सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीतले कुणीतरी बुद्धाच्या स्तूपाला दगड देत होते. मधल्या काळात ते सूर विसरले गेले.

वंदना संपली, वाचन झाले, खीर वाटली गेली. माझ्या विद्यार्थ्याने उभे राहून मी कोण हे सांगितले आणि, काही कल्पना न देता, मला बोलायला लावले. मी फार बोललो नाही. ही चाल कुणी लावली एवढेच सांगितले. भिंतीला टेकलेल्या एका आजीने कानामागे हात धरून विचारले, "कोन म्हंता?"

"कृष्णराव फुलंब्रीकर."

"फुलंब्रीचे? हितल्या फुलंब्रीचे?"

"नाही आजी, जन्म आळंदीचा."

"असू द्या. नाव तर आपल्या फुलंब्रीचं हाय ना?" आणि मग शेजारणीला, "आपल्या हितलाच व्हता बाई तो."

बायका हसल्या. पण आजीचे समाधान झाले नव्हते. "कोन्त्या समाजाचे व्हते?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. मी सांगितले. क्षणभर कुणी बोलले नाही. मराठवाड्यात या प्रश्नाला आणि या उत्तराला वजन आहे. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा या प्रदेशातल्या कितीतरी खेड्यांत दलितांची घरे जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांतली काही माणसे माझ्यासमोर बसलेली असणार. मी त्याविषयी कुणाला विचारले नाही.

आजी म्हणाली, "बाबासायबानं सांगितलं आन् त्यानं केलं?"

"केलं."

"चांगलं केलं." आणि ती चपला शोधू लागली. मग दारातून वळून म्हणाली, "फुलंब्रीला उतरलात तर इचारा, त्यांचं कुनी हाय का तिथं. आमचा जयभीम सांगा."

परतताना गावातल्या देवळात भजन चालू होते. पखवाज चढलेला, टाळ थोडे पुढे धावणारे. 'कान्होपात्रा' नाटक १९३१ साली रंगमंचावर आले आणि त्यातले अभंग बालगंधर्वांच्या गळ्यातून निघून गावोगावच्या भजनी मंडळांत जाऊन बसले. चोखामेळ्याचा अभंगही त्यांत होता. माझ्या विद्यार्थ्याला मी तेही सांगितले असते, पण तो आपल्याच विचारात होता. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, ती दुसरी चाल आहे का तुमच्याकडे? वंदे मातरम्ची?"

होती, मोबाईलवर. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्याआधी त्याने आपल्या वर्गातल्या वीसेक मुलांना बोलावून घेतले. पेटी होती. तिचे दोन स्वर बोलत नव्हते, पण सुदैवाने त्यांची फारशी गरज पडली नाही. ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवले. मुले आधी हसली, कारण सवयीचे शब्द अनोळखी चालीत आले की हसू येतेच. मग त्यांनी म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ तिसऱ्या खेपेला बसली. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकावरचा, अजून फुटता आवाज असलेला एक मोठा मुलगा, जो आदल्या दिवशी नुसते ओठ हलवत होता, तो खणखणीत गाऊ लागला आणि वर्गाने माना वळवून त्याच्याकडे पाहिले. तो लाजला, पण थांबला नाही. वीसांतली चार मुले मुसलमानांची होती. त्यांतल्या एका चुणचुणीत मुलीने तेवढ्यात हात वर केला. मला वाटले, काही अडचण असेल. तर तिने विचारले, "सर, ही चाल सोपी आहे, मग हीच का नाही म्हणत?"

माझा विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागला. मी बँड, दिल्ली, १९५० वगैरे सांगायला सुरुवात केली आणि शाळेची घंटा झाली. वर्गातले गाणे वर्गातच राहिले. परिपाठाला नेहमीचाच क्रम झाला. पण पांगताना दोघेतिघे ती नवी ओळ गुणगुणत गेले, हे मी माझ्या कानांनी ऐकले.

कृष्णरावांना १९७१ साली पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी ते पुण्यात वारले. राष्ट्रगीताच्या प्रयत्नाविषयी अजूनही लेख येतात, भाषणे होतात, आणि ते योग्यच आहे. बुद्धवंदनेचा उल्लेख त्या लेखांत एखाद्या वाक्यात आटोपतो. मीही वर्गात आजवर तेवढाच करीत आलो. यापुढे तो तास वेगळा घ्यावा लागेल.

दुपारी मी फुलंब्रीची गाडी धरली. उतरल्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा सांगितला आणि गल्ल्यावरच्या गृहस्थांना म्हटले, "इथे फुलंब्रीकर आडनावाचं कुणी राहतं का हो?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "साहेब, फुलंब्रीत कोण कशाला फुलंब्रीकर लावील? बाहेरगावी गेलं म्हणजे आम्ही सगळेच फुलंब्रीकर." मग चहा पुढे सरकवत म्हणाले, "तुम्हाला कोणते पाहिजेत? निरोप आहे का काही?"

निरोप होता. मी खुर्ची जवळ ओढून घेतली.